सोनाराने कान टोचले, पण पुढे?

‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. चार जणांनी सांगून जे पटत नाही, ते योग्य माणसानं सांगितलं की पटतं, असा तिचा अर्थ. पण अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवून नुसते शब्द पाहिले, तर त्यात घरातला एक साधा व्यवहार दिसतो. टोचणारा हात जाणता असावा, म्हणजे फार दुखत नाही. म्हण इथं संपते. टोचल्यानंतर ती जखम कशी भरते, वेडीवाकडी भरली तर काय करायचं, कुणाकडे जायचं, याबद्दल म्हण काही सांगत नाही. आणि आपणही त्याबद्दल फारसं बोलत नाही. म्हणून हा लेख.

मी उज्जैनच्या मराठी घरातली. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती. त्या काळापासून तिथे रुजलेली मराठी घरं आहेत. भाषेत माळवी-हिंदी मिसळली, पोहे सकाळी जिलबीबरोबर खायची सवय लागली, पण बारसं, जावळ, कान टोचणं हे सगळं तसंच राहिलं. बाळ काही दिवसांचं किंवा काही महिन्यांचं झालं की गोपाळ मंदिराजवळच्या सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराला बोलवायचं, सोन्याच्या बारीक तारेनं कान टोचून घ्यायचे, बाळ दोन मिनिटं रडणार, मग सगळ्यांच्या हातावर साखर. एवढ्यात प्रसंग उरकायचा.

आता टोचण्याचं वय बदललंय आणि जागाही. कॉलेजात आलं की दुसरं भोक, तिसरं भोक, मग कानाच्या वरच्या कडेला, नाकाला, भुवईला. बुगडी परत आली आहे. ढोलपथकातली मुलं हौसेनं भिकबाळी घालतात. यात वाईट काहीच नाही. भिकबाळी आणि बुगडी हे आपले जुनेच दागिने आहेत. पण पाळण्यातल्या बाळाची मऊ पाळी आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या कानाची कडक कड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानात बसलेला माणूस सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

आमच्या नात्यातल्या एका मुलीनं अकरावीत असताना हौसेनं कानाच्या वरच्या कडेला भोक पाडून घेतलं. महिनाभर ठीक होतं. तीन-चार महिन्यांनी तिथे पुटकुळीसारखं काहीतरी उठलं. पुढे ते वाटाण्याएवढं झालं, मग बोराएवढं. रात्री खाज सुटायची, उशीवर कान टेकवता यायचा नाही. घरात कुणीतरी ‘गाठ’ हा शब्द उच्चारला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका काकूंनी लसूण चोळायला सांगितला, एका आत्यांनी दोरा करकचून बांधायला सांगितला. शेवटी एका ठिकाणी ती ‘गाठ’ कापून टाकली. घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. सहा महिन्यांत ती परत आली, पहिल्यापेक्षा मोठी होऊन. आता ती मुलगी उन्हाळ्यातही केस मोकळे सोडते.

तिच्या कानावर जे होतं त्याला डॉक्टर केलॉइड म्हणतात. या सगळ्या प्रकरणात तिचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते ‘गाठ’ या एका शब्दानं, असं मला वाटतं. वाङ्मय मंडळाच्या अंकात त्वचेच्या विकाराबद्दल लिहायचं कारणही हेच आहे. आपण एखाद्या गोष्टीला जे नाव देतो, त्याप्रमाणे तिच्याशी वागतो. ‘गाठ’ म्हटलं की ती कापायची असते. ‘डाग’ म्हटलं की तो लपवायचा असतो, नाहीतर क्रीम चोळून घालवायचा असतो. केलॉइड या दोन्हींत बसत नाही, म्हणून आपण दोन्ही करून बघतो आणि दोन्ही फसतं.

ही नावाची भानगड फक्त मराठीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर नावाच्या फ्रेंच त्वचातज्ज्ञानं या विकाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यानं आधी कर्करोगाशी नातं सांगणारं नाव दिलं होतं. पुढे हा कर्करोग नव्हे हे लोकांना कळावं म्हणून त्यानंच ते बदललं. नवं नाव ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून घेतलं, कारण हा व्रण कडेनं नांग्या पसरल्यासारखा निरोगी कातडीत शिरतो. म्हणजे वैद्यालाही एकदा नाव दुरुस्त करावं लागलं. आपल्याकडे मात्र अजून ‘गाठ’च चालू आहे.

तर हे असतं काय? जखम झाली की शरीर ती भरून काढतं. त्यासाठी कोलॅजन नावाचं प्रथिन तयार होतं, त्याचे धागे विणले जातात आणि जखमेची तोंडं जुळतात. काम झालं की हे विणकाम थांबायला हवं. काही जणांच्या कातडीत ते वेळेवर थांबत नाही. मग दोन गोष्टी होऊ शकतात. व्रण उंच, लाल, कडक होतो, पण जखमेच्या हद्दीतच राहतो. हा साधा उंचावलेला व्रण. तो जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत दिसतो आणि पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात आपोआप खाली बसायला लागतो. दुसरा प्रकार केलॉइडचा. तो जखमेची हद्द ओलांडतो, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर चढतो, कधी जखम भरून कित्येक महिने झाल्यावर उगवतो, आणि सहसा आपणहून जात नाही. खाज, टोचल्यासारखं दुखणं, कपडा लागला की आग होणं, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. तो कर्करोग नाही. तो संसर्गानं दुसऱ्याला होत नाही. आणि तो ज्याला होतो त्याचा त्यात काही दोष नसतो.

टोचल्यावर उठणारी प्रत्येक पुटकुळी केलॉइड नसते, हेही सांगायला हवं. दागिना घट्ट असला, धातू सोसला नाही, जखमेला सारखा हात लागला, तर छोटा फुगवटा येतो आणि कारण दूर केलं की उतरतो. दोन्हींतला फरक आरशात पाहून किंवा मोबाइलवर शोधून कळत नाही. तो त्वचारोगतज्ज्ञानं पाहावा लागतो.

केलॉइड कुणालाही होऊ शकतो, पण सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांत तो जास्त दिसतो. म्हणजे हा आपल्या घरचा विषय आहे. साधारण दहा ते तीस हे वय त्याच्या आवडीचं, म्हणजे हा अंक वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं. घरात आई, मामा, आजी अशा कुणाला असला तर शक्यता वाढते. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड या त्याच्या ठरलेल्या जागा. जखम मोठीच लागते असं नाही. छातीवरच्या एका मुरुमातून, कांजिण्यांच्या फोडातून, दंडावरच्या लशीच्या खुणेतूनही तो वाढतो.

जखमेचा आकार आणि व्रणाचा आकार यांचं गणित जुळत नाही, हे उज्जैनला राहणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. शिप्रेच्या काठी, गढकालिकेच्या देवळापासून जवळच भर्तृहरीची गुंफा आहे. राज्य सोडून नाथपंथात गेलेल्या राजाची ती जागा, अशी श्रद्धा आहे, आणि नाथपंथी साधूंचा तिथे कायम राबता असतो. दीक्षा पुरी झालेल्या नाथ योग्याच्या कानात मोठं कुंडल असतं. ते पाळीत नसतं, कानाच्या मधल्या जाड कूर्चेला चीर देऊन घातलेलं असतं. त्यावरूनच ‘कानफाट्या’ हा शब्द आला आणि त्यावरून आपली दुसरी म्हण, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. एवढी मोठी चीर भरून येते आणि त्यात आयुष्यभर कुंडल झुलतं. दुसरीकडे सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बोराएवढा व्रण उगवतो. फरक जखमेत नसतो, कातडीच्या स्वभावात असतो.

पण नाथांच्या कानांकडून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जी. डब्ल्यू. ब्रिग्ज यांचं कानफाट्या योग्यांवरचं पुस्तक १९३८ साली आलं. चीर दिल्यावर तिच्यात कडुलिंबाची काडी ठेवायची, जखमेची निगा राखायची आणि ती भरल्यावरच कुंडल घालायचं, अशी रीत त्यात सांगितली आहे. चीर देणं हा विधीचा एक भाग, आणि जखम भरेपर्यंत तिला सांभाळणं हा दुसरा भाग. सुश्रुतसंहितेतही तेच दिसतं. सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेली पाळी जोडण्यावर आहे. बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात असताना, पाळी उन्हात धरून, जिथून उजेड आरपार दिसतो तिथेच टोचावं असं तो सांगतो. चुकीच्या जागी टोचलं तर कोणत्या शिरा दुखावतात, त्यांची नावंही देतो. आणि मग पुढे, भोकात कापसाची वात घालावी, तेल सोडावं, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात घालावी. टोचणं क्षणाचं, निगा कित्येक दिवसांची. आज दुकानातलं यंत्र एका टिचकीत काम करतं आणि निगेसाठी हातात एक छोटी बाटली देतं. त्यातून कूर्चेसाठी हे स्प्रिंगचं यंत्र वापरूच नये, कारण ते कूर्चा चिरडतं. कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथली जखम आधीच सावकाश भरते, आणि जितका काळ जखम चिडलेली राहते तितका व्रण बिघडण्याचा धोका.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात केलॉइड झालेल्या ३२ जणांचा एक छोटा अभ्यास आला. ११ वर्षांच्या आत कान टोचलेल्यांपेक्षा त्यानंतर टोचलेल्यांत केलॉइड कितीतरी जास्त आढळला. अभ्यास लहान आहे, त्यावरून नियम करता येत नाही. तरी ज्यांच्या घरात केलॉइडचा इतिहास आहे, त्यांनी कान टोचायचेच असतील तर ते लहानपणी टोचावेत, नाहीतर टोचूच नयेत, हा सल्ला त्यातून निघाला. बारशाच्या सुमारास कान टोचण्याची आपली पद्धत याच दिशेची आहे.

आता उपचारांकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. नुसतं कापून टाकलेलं केलॉइड ४५ ते १०० टक्के रुग्णांत परत येतं, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. आणि ते साहजिकच आहे. ज्या कातडीला भरणं कुठे थांबवायचं ते कळत नाही, तिला आपण आधीपेक्षा मोठी नवी जखम देतो. आमच्या त्या मुलीचं जे झालं ते अपवाद नव्हतं, तेच अपेक्षित होतं. कापण्याआधी तिच्या घरच्यांना हे कुणी सांगितलं नाही, हा माझा राग आहे.

मग करतात काय? सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे ट्रायमसिनोलोन नावाच्या स्टिरॉइडचं इंजेक्शन. ते थेट व्रणात देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, कित्येक वेळा. ते दुखतं. त्यानं व्रण मऊ आणि सपाट होतो, खाज कमी होते. कातडी पातळ होणं, ती जागा फिकी पडणं हे त्याचे तोटे. कधी त्यात ५-फ्लुओरोयुरासिल मिसळतात. हे कर्करोगातही वापरतात, म्हणून चिठ्ठीवर नाव वाचून घरचे घाबरतात. इथे त्याची मात्रा थोडी असते आणि काम वाढ रोखण्याचं असतं, एवढं माहीत असलं तरी पुरे. छोट्या केलॉइडला द्रव नायट्रोजननं गोठवतात. लेसरनं लाली आणि खाज कमी करता येते. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल जखम पूर्ण मिटल्यावर रोज निदान बारा तास, तीन महिने किंवा जास्त वापरावी लागते. कानाच्या पाळीसाठी दाब देणारे खास डूल मिळतात, तेही महिनोन्‌महिने घालायचे. शस्त्रक्रिया करायचीच तर तिच्या जोडीला काहीतरी लागतं: नंतर इंजेक्शनं, दाब, नाहीतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक देणं म्हणतात. शेक द्यायचा असेल तर तो शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच सुरू करावा लागतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांचं आधी ठरलेलं असावं लागतं.

यातला कुठलाही उपचार एका दिवसाचा नाही. अर्धं अपयश इथेच आहे. उज्जैनमध्ये वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्वचारोगतज्ज्ञ आहेत, इंदूर पंचावन्न किलोमीटरवर. डॉक्टर मिळत नाही असं नाही. पण मुलगी शिकायला मुंबईला किंवा पुण्याला, घर उज्जैनला, दोन इंजेक्शनं दिवाळीच्या सुट्टीत झाली, तिसऱ्याच्या वेळी परीक्षा, चौथ्याच्या वेळी रेल्वेचं तिकीट नाही. व्रण थोडा बसलेला असतो, म्हणून वाटतं झालं की बरं. उपचार सुटतो आणि व्रण पुन्हा उठतो. मग घरात निकाल लागतो, ‘औषधानं काही होत नाही.’ जिथे शिकतो त्या शहरातच उपचार सुरू करावा, तिथल्या सार्वजनिक रुग्णालयातल्या त्वचाविभागात कागद काढावा, आणि आधीच्या इंजेक्शनांच्या नोंदी जवळ ठेवाव्यात, एवढी साधी व्यवस्था पुष्कळांना वाचवू शकते.

यावर कुणी म्हणेल, कानावरच्या एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! लोकांना जगण्यामरण्याचे आजार असतात. खरं आहे, केलॉइडनं कुणी मरत नाही. पण रात्रभर खाजणारा, कपडा सोसू न देणारा व्रण हा काही नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आणि दिसण्याचा असला तरी? ज्या समाजात लग्नाच्या चिठ्ठीत रंग लिहितात, तिथे मुलीच्या छातीवरचा, मानेवरचा व्रण ‘नुसता दिसण्याचा’ राहत नाही. बायपासची किंवा सिझेरियनची खूण केलॉइड झाली तर बाई डॉक्टरकडे जायलाही लाजते, कारण जीव वाचला, बाळ सुखरूप आहे, आता हे कसं बोलायचं? आणि मुलगे? त्यांनी तर बोलायचंच नाही, पुरुषाला कसलं आलंय दिसण्याचं. ढोलपथकातला मुलगा भिकबाळीच्या जागी उगवलेला व्रण टोपीखाली झाकतो आणि गप्प बसतो.

दुसऱ्या बाजूनं कुणी म्हणेल, व्रण हाही आपल्या शरीराचा भाग, तो मिरवावा. जगात मुद्दाम उंच व्रण उमटवून शरीर सजवणारे समाज आहेतच. हे मला मान्य आहे, एका अटीवर. मिरवायचं की उपचार घ्यायचे हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि माहिती असताना ठरवावं. लसूण चोळून, दोरा बांधून, एकदा कापून आणि हरून जो स्वीकार येतो, त्याला मी स्वीकार म्हणणार नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. व्रणाचा प्रश्न टोचल्यानंतर विचारायचा नसतो, तो टोचण्याआधीचा आहे. नवं भोक पाडण्याआधी आपल्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण पाहा. ती फुगून आजूबाजूला पसरली असेल, किंवा घरात कुणाचा व्रण असा वाढला असेल, तर दुकानाआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला आपणहून सांगा, ‘माझ्या जखमा उंच भरतात.’ हे कळलं तर ते टाके ओढ न बसेल असे घालतील, पुढची निगा आधी ठरवतील. टोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी काही उठलं, तर ते लहान असतानाच दाखवा. आणि कुणी एका बैठकीत कापून देतो म्हणालं, तर एकच विचारा, ‘आणि परत येऊ नये म्हणून पुढे काय करणार?’ उत्तर नसेल तर उठून या.

शेवटची विनंती भाषेची, कारण आपण वाङ्मय मंडळाची माणसं. ‘गाठ’ हा शब्द इथून तरी सोडू या. केलॉइड म्हणा, किंवा सरळ ‘वाढता व्रण’ म्हणा. व्रण हा शब्द जुना आहे आणि नेमका आहे. जखम भरली तरी तिची खूण शरीर असेपर्यंत जात नाही, म्हणून तिला व्रण म्हणतात, अशी त्याची फोड सुश्रुतानंच केली आहे. त्यात दोष नाही, लाज नाही, भीतीही नाही. घरात एखादी मुलगी आरशासमोर कान चाचपत उभी असेल, तर तिला ‘कसली गं गाठ आली?’ असं न विचारता ‘व्रण वाढतोय का गं, दाखवून येऊ या’ असं म्हटलं, तर ती केस पुढे ओढण्याआधी डॉक्टरकडे पोचेल. नाव एकदा पडलं की पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा निदान बरं नाव पाडू या.